उन्हाळा, अंगणातली जास्वंद आणि रेनॉक्सचं भिंग

रेनॉक्स डीसीआर-२५० म्हणजे काय ते आधी सरळ सांगते, कारण मला विचारणाऱ्या निम्म्या लोकांना ती कॅमेऱ्याची नवी लेन्स वाटते. हे आहे लेन्सच्या तोंडावर लावायचं भिंग. तुमच्याकडे असलेल्या झूम लेन्सच्या पुढच्या कडेत, दोन्ही बाजूंचे चाप दाबून बसवायचं आणि काम झालं की काढून पर्समध्ये टाकायचं. कंपनी जपानी, शक्ती अधिक ८ डायॉप्टर. सोबत येणारा चापाचा अडॅप्टर ५२ ते ६७ मिलिमीटर व्यासाच्या कुठल्याही लेन्सवर बसतो. माझी कॅननची ५५-२५० झूम ही ५८ ची, त्यामुळे प्रश्नच आला नाही. तुमची कितीची आहे ते लेन्सच्या तोंडाशी किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलेलं असतं. ते आधी बघा, मग पैसे भरा.

मला ते सहा-सात हजारांच्या घरात पडलं. इथे नाशिकला एम. जी. रोडच्या दुकानांत विचारलं तर कुणाकडे तयार नव्हतं, शेवटी ऑनलाइन मागवलं. डबी उघडल्यावर आमच्या ह्यांचा पहिला प्रश्न, "एवढ्याशा काचेला एवढे पैसे?" खरी मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची लेन्स घेतली असती तर किती गेले असते तो आकडा सांगितला, मग गप्प बसले.

मी इंदिरानगरला राहते. घरापुढे अंगणाची एक पट्टी आणि वर गच्चीत कुंड्या, एवढीच माझी बाग. नाशिकला एकेकाळी गुलशनाबाद म्हणायचे वगैरे ठीक आहे, पण एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकला की कुंडीतला गुलाब अर्धा उमलायच्या आत कडेनं करपायला लागतो. म्हणूनच इथले फुलांचे फोटो काढणारे बहुतेक जण फेब्रुवारीत महापालिकेच्या पुष्पोत्सवाला राजीव गांधी भवनात गर्दी करतात, तिथले बक्षीसपात्र गुलाब टिपतात आणि कॅमेरा कपाटात ठेवून देतात. तो निघतो थेट श्रावणात, अंजनेरीच्या डोंगरावर जायला. मधले चार-पाच महिने फुलंच नसतात असा समज आहे. माझ्या मते जवळून फोटो काढायला उन्हाळ्यासारखा मोसम नाही. जास्वंद, मोगरा, झिनिया, ऑफिस टाइम, बोगनवेल, सदाफुली ही सगळी उन्हाळ्याला न घाबरणारी मंडळी. आजूबाजूचं रान वाळलेलं असतं, त्यामुळे जे काही उडतं-रांगतं ते तुमच्या चार कुंड्यांवर येऊन बसतं. आणि पहाटे हवा अगदी पडलेली असते, जे या भिंगासाठी सगळ्यात महत्त्वाचं. त्याकडे पुढे येतेच.

आधी हे भिंग दाखवतं काय ते. आकडेमोड सोपी आहे. ८ डायॉप्टर म्हणजे १२५ मिलिमीटर. तुमची लेन्स ज्या आकड्यावर झूम केलीये त्याला १२५ नं भागा, तेवढ्या पट मोठी प्रतिमा सेन्सरवर पडते. २५० वर झूम केलं की दुप्पट. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २२ मिलिमीटर रुंद, म्हणजे ११ मिलिमीटर रुंदीचा तुकडा अख्खी फ्रेम भरून टाकतो. झूम १२५ च्या आसपास आणलं तर जसंच्या तसं, एकास एक. म्हणून अख्ख्या जास्वंदाचा फोटो यातून निघत नाही, निघणारही नाही. अख्ख्या फुलासाठी मोबाइल पुरतो. जास्वंदाच्या दांड्याचं टोक हवं असेल तर हे भिंग.

आणि ते टोक बघाच एकदा. गावठी लाल जास्वंद, सकाळी नुकतं उमललेलं. मधला दांडा जिथे संपतो तिथे पाच फाटे आणि प्रत्येक फाट्यावर मखमलीची लाल गादी. हे स्त्रीकेसराचं टोक. त्याच्या खाली दांड्याभोवती पिवळे परागकोश, आणि ते फुटले की त्यावर परागकणांचे ढीग. जास्वंदाचा परागकण इतर फुलांच्या मानानं चांगलाच मोठा असतो. नुसत्या डोळ्यांना ती पिवळी पूड दिसते. फोटो कॉम्प्युटरवर पूर्ण मोठा केला की एकेक कण सुटा गोल दिसतो, आणि फोकस बरोबर जमला असेल तर त्या गोळ्यावरचे काटेसुद्धा. इतकी वर्षं ही फुलं गणपतीला वाहिली, पण काटे पहिल्यांदा पाहिले ते या भिंगातून.

बोगनवेल तर आपण बघतच नाही. ते गुलाबी कागदी दिसतं ती पानं. खरं फूल म्हणजे त्या तीन पानांच्या मध्ये उभ्या असलेल्या तीन बारीक नळ्या. एकेक नळी आपापल्या वेळेला उघडते आणि टोकाला पांढुरका तारा होतो. भिंगातून तो तारा बशीएवढा दिसतो, झिरमिळ्या कडांचा.

झिनियाचं वेड मला याच भिंगानं लावलं. पाच-दहा रुपयांचं रोप, कुठल्याही नर्सरीत मिळतं, उन्हात मजेत वाढतं. मधला जो उंचवटा असतो त्यावर पिवळ्या लहान फुलांचं कडं असतं. प्रत्येक फूल पाच पाकळ्यांचं, पाकळ्यांच्या आत लव. हे कडं बाहेरून आत सरकतं, कारण बाहेरची फुलं आधी उमलतात. म्हणजे एकाच झिनियावर सलग काही सकाळी कॅमेरा लावला तर ते पिवळं कडं लहान लहान होत मध्याकडे जाताना दिसतं. फुलाची बाहेरची मोठी रंगीत पाकळी तशीच असते, आतलं सगळं रोज बदललेलं असतं.

(अशी रोज एका रोपापुढे कॅमेरा लावायची परंपरा आपल्याकडची आहे हे इथे सांगायलाच हवं. त्र्यंबकेश्वरात १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी, १९१३ च्या त्या पहिल्या चित्रपटाच्या आधी, कुंडीत वाटाणा पेरून त्याचं रोप वाढताना रोज थोडं थोडं चित्रित केलं होतं आणि ते दाखवून भांडवल उभं केलं होतं. पांडवलेणीच्या पायथ्याला त्यांचं स्मारक बघायला आपण मुलांना नेतो, तेव्हा ही वाटाण्याची गोष्टही सांगावी.)

ऑफिस टाइम मात्र छळतं. नऊ-दहाशिवाय उघडत नाही आणि तोवर ऊन टोचायला लागलेलं असतं. पण त्याच्यासाठी उन्हात बसायची माझी तयारी असते, कारण त्याच्या पुंकेसरांना स्पर्श कळतो. एखादी बारकी मधमाशी आत शिरली की ते झुकतात. फोटोत ते येत नाही, व्हिडिओ घ्यावा लागतो. भिंग लावलेलं असताना व्हिडिओही तितकाच चांगला निघतो, हे बोनस.

आता मोगरा. यंदा आमच्या मोगऱ्याच्या कळ्या उमलायच्या आत तपकिरी पडत होत्या. उन्हानं, असं घरात सर्वानुमते ठरलं होतं. मी आपली एका अर्धवट उमललेल्या फुलाचा फोटो काढायला बसले तर पाकळ्यांच्या बेचक्यात काहीतरी सरकलं. मोठा करून बघितलं. एक-दीड मिलिमीटरचे बारीक लांबट किडे, फिकट पिवळे, एक-दोन काळपट, आणि काळपटाच्या पंखांना कडेनं केसांची झालर. त्याच संध्याकाळी माझे चुलत दीर आले होते. त्यांची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. एप्रिलची खरड छाटणी नुकती उरकलेली, नवीन शेंडे फुटायला लागलेले, त्यामुळे डोक्यात दुसरा विषयच नव्हता. लॅपटॉपवर फोटो बघितला आणि चहाचा कप खाली ठेवला.

"वहिनी, हे थ्रिप्स आहेत."

"मोगऱ्यावर?"

"त्याला काय मोगरा आणि काय थॉमसन. कोवळं दिसलं की आलेच. पण एवढे स्वच्छ मी कधी पाहिले नाहीत. आम्ही शेंडा तळहातावर झटकतो आणि हलणारे ठिपके मोजतो."

त्यांच्या खिशात दहा पटीचं हातभिंग कायम असतं. ते काढून त्यांनी मोगऱ्याचं झाड तपासलं, किडलेल्या कळ्या तोडून पिशवीत बांधून टाकायला सांगितलं, निमतेल फवारायला सांगितलं. मोगरा सावरला. पण मुद्दा तो नाही. हे भिंग घेतल्यावर फुलांकडे बघण्यात किड्यांचा मोठा वाटा असतो हे धरून चाला. जास्वंदाच्या देठाशी मावा असणार, मुंग्या असणार, पांढरा पिठ्या ढेकूण असणार. किळस येत असेल तर हा नाद तुमच्यासाठी नाही.

आता अडचणी. यातली एकही कंपनीची चूक नाही, भिंगाचा स्वभावच तसा.

पहिली म्हणजे अंतर. भिंग लावल्यावर चार-पाच इंचांच्या पलीकडचं काहीच स्पष्ट दिसत नाही. तुम्ही झिनियावर वाकलेल्या असताना शेजारच्या कुंडीवर शिंजीर येऊन बसला तर चाप दाबून भिंग काढेपर्यंत तो गेलेला असतो. आणि चार-पाच इंच म्हणजे मधमाशीच्या तोंडासमोर तोंड. सकाळी गारव्यात ती सुस्त असते तेव्हा चालवून घेते, आठनंतर नाही.

दुसरी, खोली. दुप्पट मोठं केलं की फोकसमध्ये येणारा थर अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असतो. जास्वंदाचा एक परागकोश स्पष्ट आला की मागचा धूसर. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र, एफ ११ ला ठेवते, १६ च्या पुढे जात नाही, कारण मग सगळंच मऊ पडतं. ऑटोफोकस नुसता घरघरत बसतो, तो बंद करायचा. लेन्सचा फोकस अनंतावर ठेवायचा, झूमनं हवं तेवढं मोठं करायचं आणि मग स्वतःच कॅमेऱ्यासकट केसभर पुढे-मागे व्हायचं. जिथे हवं ते लखलखीत दिसतं तिथे बटण दाबायचं. श्वास रोखून. डावा हात देठाला धरायचा आणि लेन्स त्याच हाताच्या मनगटावर टेकवायची, म्हणजे फूल हललं तर कॅमेराही सोबत हलतो. हे मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून तुम्हाला सांगते.

तिसरी, वारा. नाशिकची हवा छान, संध्याकाळी गच्चीत झुळूक येते म्हणून आपण मिरवतो. तीच झुळूक इथे वैरीण. दुप्पट मोठं केलेलं फूल झुळकीनं फ्रेमच्या बाहेरच जातं. मे महिन्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो. उगवल्यापासून साडेसातपर्यंतचा वेळ आपला. नंतर वारा सुटतो, ऊन चढतं, घाम आयपीसवर लागतो आणि चष्मा धुरकटतो. देठ धरायला बाजारात चिमट्याचे स्टँड मिळतात, पण बांबूची काठी आणि कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा एवढ्यावर माझं भागतं. चिमट्याच्या तोंडाला कापसाची पट्टी गुंडाळायची, नाहीतर देठ चेंगरतो.

साडेसातच्या आतच काम व्हायला हवं याला दुसरंही एक कारण आहे. आमच्या सासूबाई सव्वासहाला परडी घेऊन अंगणात उतरतात.

"आई, ती भिंतीकडची दोन जास्वंदं राहू द्या हं आज."

"का गं? ती तर चांगली फुललीत."

"म्हणूनच."

"बाई, देवाला काय मी कळ्या वाहू? आणि तू फोटो काढून झाल्यावर ते फूल मला दे, उष्टं नाही होत ते फोटोनं."

हा तोडगा आता कायमचा झालाय. मी आधी, देव नंतर. जास्वंद एकाच दिवसाचं, संध्याकाळी मिटणार, त्यामुळे त्यांचंही बरोबरच आहे. पण यामुळे दुसऱ्या दिवशी त्याच फुलावर परत येणं ही चैन फक्त झिनियासारख्यांच्या बाबतीत.

उजेडाचं थोडक्यात सांगते. लाल जास्वंद कॅमेऱ्याला झेपत नाही. पडद्यावर फोटो ठीक दिसतो, घरी येऊन बघावं तर पाकळी म्हणजे नुसता लाल डाग, शिरा गायब. हिस्टोग्राममध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखात, तिन्ही रंग वेगवेगळे दाखवायची सोय असते ती चालू करा. लाल रेघ उजव्या भिंतीला चिकटली असेल तर एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉप कमी करा. मोगऱ्याचं उलट. कॅमेरा त्याला राखाडी करून ठेवतो, तिथे तेवढंच वाढवायचं. ऊन आलंच तर मी पांढरा सुती पंचा दोन काठ्यांवर ताणून फुलावर धरते. दोनदा धुतलेला पंचा असावा, नवा कांजीचा उजेड अडवतो. विकतचा डिफ्यूझर होता माझ्याकडे, तो आता नातवाच्या खेळण्यांत आहे. कॅमेऱ्याचा फ्लॅश थेट वापरू नका. फूल इतकं जवळ असतं की लेन्सचीच सावली त्यावर पडते. पांढऱ्या फोमशीटला लेन्सएवढं भोक पाडून ती लेन्सवर चढवली की फ्लॅशचा उजेड त्यावरून पसरून खाली उतरतो आणि काम होतं.

आणि एक विनंती. पहाटेच्या दवाचा देखावा करायला म्हणून फुलांवर स्प्रेनं पाणी मारून फोटो काढू नका. नाशिकच्या मे महिन्यात दव कुठून आलं, हे बघणाऱ्याला कळतं हो.

दुसरे पर्याय मी वापरून बघितलेत. ऑनलाइन पाच-सातशे रुपयांत क्लोज-अप फिल्टरचा चार तुकड्यांचा संच मिळतो, १, २, ४ आणि १० डायॉप्टरचा. एकेरी काचेचा असतो. मोगऱ्याच्या पांढऱ्या कडेला त्यातून जांभळी आणि हिरवी किनार येते, कोपरे तर विसराच. रेनॉक्समध्ये तीन काचा आहेत, त्यातल्या दोन एकमेकींना चिकटवलेल्या, आणि ती किनार येऊ नये म्हणूनच तशी रचना आहे. पैसे त्याचे आहेत आणि ते फोटोत दिसतात. एक्स्टेन्शन ट्यूबही, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसवायच्या पोकळ नळ्या, चांगल्या, त्यात काच नसल्यानं बिघडण्यासारखं काही नाही. पण त्या लावायला लेन्स काढावी लागते, आणि मे महिन्यातल्या धुळीत अंगणात लेन्स काढायला माझं मन धजत नाही. शिवाय त्या उजेड खातात. भिंग खात नाही.

खरी स्पर्धा रेनॉक्सची रेनॉक्सशीच. डीसीआर-१५० हे त्याचं भावंड, ४.८ डायॉप्टरचं. त्यात साधारण आठ इंचांवरून फोकस होतो, मोठं कमी करतं, पण खोली जास्त मिळते आणि वाऱ्याला जास्त सोसतं. तुम्हाला अख्खा मोगरा, अख्खं सदाफुलीचं फूल, गोकर्णीचा आतला पिवळा भाग असे फोटो हवे असतील तर १५० घ्या, २५० च्या वाटेला जाऊ नका. नवशिक्यालाही मी १५० च सांगते. २५० हे फुलाच्या आत शिरणाऱ्यांसाठी आहे. मी ते तसंच ठरवून घेतलं आणि माझं चांगलं चाललंय.

किट लेन्सवर, म्हणजे १८-५५ वर, लावू नये. १८ च्या बाजूला कोपरे काळे पडतात आणि ५५ ला जेमतेम निम्मं मोठं होतं. ५५-२५० किंवा ७०-३०० असेल तरच याचे पैसे वसूल.

चापाचा अडॅप्टर चटकन लागतो-निघतो, त्यातच त्याची मजा आहे. पण गच्चीवर वाकून, कुंड्यांच्या मधे अंग चोरून काम करत असाल तर घट्ट बसणारं काहीतरी बरं. भिंगाच्या मागे ४३ मिलिमीटरचे आटे आहेत. ५८ वरून ४३ वर आणणारी धातूची रिंग दोन-अडीचशेला मिळते, ती घेऊन भिंग आट्यांवर फिरवून बसवता येतं. अंगणात चाप, गच्चीवर रिंग, असं माझं चालतं.

धूळ बसली तर आधी ब्लोअरनं उडवा, मग मऊ कापड. पदरानं कधीही पुसू नका, कितीही हात शिवशिवला तरी. वळवाचा पाऊस सुरू झाला की भिंग हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते, कारण आपल्या पावसाळ्यात काचेवर बुरशी धरायला फार वेळ लागत नाही.

मोबाइलवर लागतं का, असं बऱ्याच जणी विचारतात. हा चाप मोबाइलवर बसत नाही. हातानं धरून लोक करतात, पण एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात भिंग, मग देठ कोण धरणार? मोबाइलच असेल तर त्याचा मॅक्रो मोड आधी नीट वापरून बघा, झिनियाचं पिवळं कडं त्यातही बऱ्यापैकी येतं. त्यानं भागेनासं झालं तर जुना वापरलेला कॅमेरा आणि ५५-२५० शोधा. नवीन घ्यायची अजिबात गरज नाही, भिंगाला कॅमेऱ्याचं वय कळत नाही.